रुपया वाजवून घेण्याची गोष्ट

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. घरातले जुने कपाट, सोफा, शिवणयंत्र, फ्रीज अशा वस्तू इंटरनेटवर जाहिरात देऊन विकताना माणसे पैशाच्या बाबतीत कशी फसतात, आणि फसू नये म्हणून काय करावे, हे सांगावयास वास्तविक पोलीस खात्यातला एखादा अधिकारी किंवा बँकेतला जाणता माणूस बोलवावयास हवा. इतिहास शिकविणाऱ्या मास्तराचे इथे काय काम? पण काम आहे, असे मला वाटते. विकणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत, दोघांच्या मध्ये शेकडो मैलांचे अंतर आहे, आणि तरीही एकाने माल द्यावयाचा व दुसऱ्याने पैसा द्यावयाचा, हा पेच काही मोबाईल फोनबरोबर जन्माला आलेला नाही. तो फार जुना आहे. आणि त्यावर आपल्या पेठांतल्या मंडळींनी पूर्वी जे तोडगे काढले ते इतके चोख होते की, आजचा ठक नेमका कोठे हात घालतो हे समजून घ्यावयाचे तर आधी ते तोडगे पाहावे लागतात.

कोणत्याही विक्रीत विकणाऱ्यापुढे तीन प्रश्न असतात. हातात आलेला पैसा खरा आहे काय? देणारा माणूस कोण आहे? आणि आधी काय सुटावयाचे, माल की पैसा? बाकी सगळी घासाघीस या तीन प्रश्नांच्या नंतरची.

पहिला प्रश्न घ्या. आपण आजही 'नाणे खणखणीत आहे' असे म्हणतो. एखाद्या माणसाची परीक्षा घ्यावयाची तर त्याला 'वाजवून पाहतो'. ज्या काळात ही भाषा तयार झाली त्या काळात रुपया खरोखरच वाजवून घेतला जात असे. सराफ तो दगडावर टाकी, कान देऊन ऐके, आणि आवाज बद्द आला की बाजूला सारी. नाण्याची पारख हा स्वतंत्र धंदाच होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'रूपदर्शक' नावाचा अधिकारी येतो, त्याचे काम नाणी पारखण्याचे. या पारखणीबद्दल शेकडा एक अष्टमांश इतका आकार घ्यावा असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे खोटे नाणे ही सरकारलाही सतावणारी गोष्ट होती.

पेशवाईत तर हा गोंधळ कळसाला पोहोचला होता. एकाच बाजारात अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, चिंचवडी रुपया, हाळी सिक्का असे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. एकाचे वजन निराळे, दुसऱ्याची चांदी निराळी, आणि प्रत्येकावर बट्टा निराळा. सामान्य माणूस या जंजाळात पडत नसे. तो सराफाकडे जाई, सराफ रुपये पारखून देई, मोठी रक्कम असली तर थैलीवर आपला शिक्का मारी, आणि त्या शिक्क्याच्या विश्वासावर ती थैली न उघडता पुढे चाले. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया साऱ्या मुलखासाठी ठरविला आणि जुन्या नाण्यांचे दिवस हळूहळू संपत गेले. बट्टा हा शब्द मात्र राहिला. तो आता अब्रूला लागतो.

या साऱ्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नाणे वाजवी तो घेणारा. स्वतःच्या दगडावर, स्वतःच्या कानाने. गिऱ्हाईक आपल्याच घरी रुपया वाजवून, 'ऐकलात ना आवाज? आता द्या कपाट' असे म्हणू लागले असते तर पेठेतल्या पोरानेही त्याला हसून घालविले असते. आणि आज? आज एखादा अनोळखी इसम व्हॉट्सॲपवर एक चित्र पाठवितो. त्यावर हिरवी खूण, 'पैसे जमा झाले' अशी अक्षरे, आणि आपण माल टेम्पोत चढवितो! त्या चित्राला स्क्रीनशॉट म्हणतात. ते म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी वाजलेला रुपया. असली चित्रे हुबेहूब काढून देणारी खोटी ॲप निघाली आहेत. बँकेच्या संदेशासारखा दिसणारा मजकूरही कोणीही स्वतःच्या फोनवरून धाडू शकतो. तेव्हा आपला दगड कोणता? आपले स्वतःचे बँक-खाते. बँकेचे ॲप आपल्या हाताने उघडावे, शिल्लक पाहावी, शेवटची नोंद पाहावी. तिथे रक्कम दिसली तर पैसा आला, नाही दिसली तर नाही आला. भाजीवाल्याच्या हातगाडीवर अलीकडे एक बोलकी डबी असते, पैसे आले की रक्कम मोठ्याने सांगणारी. ती डबी मला फार आवडते. गिऱ्हाइकाने दाखविलेला फोन न पाहता भाजीवाला तिच्या आवाजाकडे कान देतो. दगडावर रुपया वाजवणारा सराफच तो, निराळ्या वेषातला.

आता दुसरा प्रश्न, देणारा कोण? इथे आपल्याकडच्या हुंडीची थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

पुण्याहून काशीस किंवा सुरतेस रोकड नेणे म्हणजे वाटेवरच्या चोरांना आवतण. म्हणून माणूस इथल्या सावकाराकडे रक्कम भरी, सावकार तिथल्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून देई, आणि ती दाखविताच तिथे पैसे मिळत. हीच हुंडी. तिचे प्रकार पुष्कळ. पाहताक्षणी पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. हुंडीत खाडाखोड करून आकडा वाढवू नये म्हणून रक्कम लिहिण्याची रीत मोठी मजेदार होती. शंभराची हुंडी असली तर शंभर लिहून न थांबता, त्याचे निमे पन्नास आणि त्या पन्नासांचे दुप्पट, अशा धर्तीवर तीच रक्कम फिरवून फिरवून लिहावयाची. एक आकडा बदलला तर बाकीचे चुगली करीत. हुंडी वाटेत हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ.

पण या सर्वांत मला महत्त्वाची वाटते ती शाहजोग हुंडी. या हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातावर ठेवावयाचे नाहीत. ते फक्त 'शाहा'ला द्यावयाचे. शाहा म्हणजे त्या पेठेत ज्याची दुकानदारी आहे, ज्याला चारजण ओळखतात, असा मोतबर व्यापारी. कारण काय? उद्या ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली तर पैसे घेणारा शाहा कोठे पळून जात नाही, त्याने ते परत भरावयाचे असा रिवाज होता. पाहा, त्या मंडळींनी कागदापेक्षा माणूस धरून ठेवला होता. १८८१ साली परक्राम्य दस्तऐवजांचा इंग्रजी धाटणीचा कायदा झाला, त्यानेसुद्धा देशी भाषांतल्या अशा कागदांचे स्थानिक रिवाज मोडले नाहीत.

नरसी मेहत्याची हुंडी सर्वांस ठाऊक आहे. द्वारकेच्या यात्रेकरूंना जुनागडात हुंडी हवी होती. टवाळ मंडळींनी त्यांना निष्कांचन नरसीकडे धाडले, आणि त्याने शामळशा सेठ या नावावर हुंडी लिहून दिली. द्वारकेत त्या नावाचा सावकारच नव्हता. अखेर भगवंत स्वतः सेठ बनून आले आणि त्यांनी पैसे चुकते केले अशी कथा आहे. भाविकतेने ऐकावी अशी ती आहे यात शंका नाही. परंतु व्यवहाराच्या बाजूने पाहिले तर तीत एक बारीक इशाराही दडलेला आहे: ज्या पेढीचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही त्या पेढीवरची चिठ्ठी घेऊन यात्रेकरू निघाले होते. सोफा विकणाऱ्याच्या वाट्याला शामळशा सेठ येईलच अशी खात्री कोणी द्यावी?

तिसरा प्रश्न, आधी काय? यावरही पेठेने तोडगा काढला होता. जहाजाने माल धाडताना 'जोखमी हुंडी' लिहीत. माल सुखरूप बंदराला लागला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे, बुडाला तर नाही. जो ती हुंडी विकत घेई तो एका परीने विमाही उतरवी. पुढे टपालखात्याने १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू केली, आणि तीन वर्षांनी, १८८० मध्ये, मनिऑर्डर पोस्टाकडे आली. व्ही. पी. मध्ये पोस्टमन हा मधला माणूस. इकडे पार्सल देतो, इकडे पैसे घेतो. जुन्या मासिकांच्या मलपृष्ठांवर 'व्ही. पी. ने मागवा' अशा जाहिरातींची केवढी रेलचेल असे! आता ही पद्धतही ठकांच्या तावडीतून सुटली नाही. पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे, आणि फोडल्यावर आत काय निघेल याचा नेम नसे. म्हणून १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात, लबाडी झालेली असेल तर वसूल केलेली रक्कम अडकवून ठेवून ती पत्त्यावरच्या माणसाला परत देण्यासाठी नियम करण्याची तरतूद ठेवलेली होती. मालविक्रीचा १९३० चा कायदा तर स्वच्छच सांगतो की, निराळा करार नसेल तर माल देणे आणि किंमत देणे या दोन्ही गोष्टी बरोबरच व्हावयाच्या. या हाताने घ्या, त्या हाताने द्या.

कायदा वाचावयाचा नसला तरी बोहारीण आठवावी. ती दारात बसते, जरीची साडी उलटीसुलटी करून पाहते, 'पदर विरलाय, ताई' म्हणते, आणि एक छोटेसे पातेले पुढे सरकविते. मग अर्धा तास घासाघीस. शेवटी साडी तिच्या बोचक्यात जाते आणि त्याच क्षणी मोठे पातेले आपल्या ओट्यावर येते. पुण्याचा जुना बाजार घ्या, मुंबईचा चोरबाजार घ्या. तिथे माल खोटा निघेल, किंमत तिप्पट सांगतील, घड्याळ घरी येऊन बंद पडेल. पण या साऱ्यात फसण्याचा धोका घेणाऱ्याला असे. विकणारा फसल्याचे फारसे ऐकिवात नाही. विकावयास बसलेला माणूसच लुटला जावा, ही मात्र आमच्या काळाची कमाई आहे.

ही कमाई कशी झाली? १९९५ साली अमेरिकेत ईबे सुरू झाले, त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत क्रेगलिस्टची सुरुवात झाली. आपल्याकडे २००० साली बाझी डॉट कॉम आले, पुढे २००४ मध्ये ईबेने ते घेतले. २००६ मध्ये ओएलएक्स निघाले, २००८ मध्ये क्विकर. माळ्यावर धूळ खात पडलेल्या पाळण्याला चार पैसे येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट झाली. अमेरिकेतल्या ठकांनी तिथे एक युक्ती काढली. पाचशे डॉलरच्या टेबलासाठी दोन हजारांचा चेक धाडावयाचा आणि वरची रक्कम 'हमालाला द्या' म्हणून मागावयाची. तिथल्या कायद्याप्रमाणे बँकेला चेक पुरता वटण्यापूर्वीच काही रक्कम खातेदाराला वापरू द्यावी लागते. त्यामुळे पैसे आले असे वाटते, माणूस खुशाल वरची रक्कम धाडतो, आणि आठपंधरा दिवसांनी चेक खोटा ठरून सगळे अंगावर येते. आपल्याकडे चेकची एवढी चलती नव्हती, म्हणून ही युक्ती फार रुजली नाही. तिचे मर्म मात्र इथे आले: विकणाऱ्यालाच पैसे द्यावयास लावावे.

आणि त्याला साधन मिळाले ते यूपीआयचे. या पद्धतीविषयी माझ्या मनात आदरच आहे, हे आधी सांगतो. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी तिचा आरंभ केला, ऑगस्टअखेरीस बँकांची ॲप लोकांच्या हाती आली, आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाल्यावर ती घरोघर पोहोचली. हुंडीला काशीस जावयास महिना लागे. इथे निमिषार्धात पैसा पोहोचतो. बट्टा नाही, आडत नाही. पण तिच्या घडणीतच एक गोष्ट होती की जी सामान्य माणसाला कोणी नीट समजावून सांगितली नाही. पैसा पाठविण्याचे दोन मार्ग होते. एक, देणाऱ्याने आपणहून धाडावयाचा. दुसरा, घेणाऱ्याने मागणी पाठवावयाची, आणि देणाऱ्याने आपला गुप्त आकडा, म्हणजे पिन, घालून ती मान्य करावयाची. या दुसऱ्या मार्गाला कलेक्ट रिक्वेस्ट असे नाव. ठक गिऱ्हाईक बनून फोन करी, आणि पैसे देण्याऐवजी अशी मागणीच धाडी. मागणीसोबत चार शब्द लिहिण्याची सोय असे. तिथे तो लिही: 'सोफ्याचे पैसे मिळवा'. बिचारा विकणारा ते शब्द वाची, पिन घाली, आणि पैसे येण्याऐवजी जात.

जपानमध्ये १९९४ साली डेन्सो वेव्ह या कंपनीतल्या मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी काळ्यापांढऱ्या चौकटींची एक खूण बनविली. तीच आपली क्यूआर. दुकानात ती का लावतात? दुकानदाराचा पत्ता तिच्यात असतो म्हणून. जो पैसे देणार तो ती वाचतो, म्हणजे 'स्कॅन' करतो. पैसे घेणाऱ्याने ती वाचण्याचे काहीही कारण नाही. मनिऑर्डर घेणाऱ्याने स्वतःच मनिऑर्डरचा फॉर्म भरून खिडकीत पैसे भरावे, इतकी ती उफराटी गोष्ट आहे. तसेच पिनचे. पैसे येण्यासाठी पिन कधीही लागत नाही. आपल्या खात्यातून काढावयास किंवा शिल्लक पाहावयास तेवढा लागतो. माझे हे वाक्य कोणी विसरू नये म्हणून पुन्हा सांगतो: पैसे घेताना पिन मागितला गेला की समजावे, पैसे जात आहेत.

आमच्या परिचयातल्या एक शिक्षिका निवृत्त झाल्या, आणि मुलाकडे राहावयास जावयाचे म्हणून त्यांनी घरातले सामान मोडीत काढले. जेवणाच्या टेबलाची जाहिरात दिल्यावर तासाभरात फोन आला. गृहस्थ हिंदीतून बोलत होते. आपण लष्करात आहोत, नुकतीच बदली झाली आहे, टेबल न पाहताच पसंत आहे, 'आंटीजी, आमचा माणूस गाडी घेऊन येईल.' घासाघीस मुळीच नाही! (श्रोतेहो, जुन्या वस्तूवर घासाघीस न करणारे गिऱ्हाईक मराठी मुलखात आजवर कोणी पाहिले आहे?) ओळखपत्राचा फोटोही आला. लष्करी माणसावर अविश्वास दाखविणे बाईंच्या जिवावर आले. ठकांना हे बरोबर ठाऊक असते, म्हणूनच ते त्या गणवेषाचे नाव घेतात. आधी पाच रुपये जमा झाले, विश्वास बसला. मग क्यूआर आली, बाईंनी ती वाचली, पिन घातला, आणि टेबलाच्या किमतीएवढेच पैसे गेले. 'चूक झाली, लष्कराच्या खात्यात असेच होते, दोन्ही रकमा एकदम परत करतो', असे म्हणून पुन्हा क्यूआर. पुन्हा पिन. तिसऱ्या खेपेला त्यांच्या ध्यानात आले.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या बाईंनी आठ दिवस कोणाला काही सांगितले नाही. चाळीस वर्षे मुलांना गणित शिकविले आणि आपणच असे कसे केले, या लाजेने त्या गप्प राहिल्या. मुलाला सांगितले ते टेबल कोणाला तरी देऊन टाकले म्हणून. पैसा गेला तो गेला, पण निवृत्तीनंतरच्या त्या पहिल्याच महिन्यात घरात वावरताना त्यांची मान खाली गेली, आणि मला त्याचा राग अधिक येतो. वास्तविक शिक्षणाचा इथे संबंध नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्लीत एका फार मोठ्या राजकीय घराण्यातसुद्धा जुना सोफा विकताना हेच घडले. थोडे पैसे आधी जमा, मग क्यूआर, मग 'चूक झाली' म्हणून दुसरी क्यूआर. आधी वीस हजार गेले, मग चौदा. वर्तमानपत्रांत ते सविस्तर आले होते. पूर्वी एखादी हुंडी बनावट निघाली की संध्याकाळपर्यंत ती बातमी पेठभर होई, आणि दुसऱ्या दिवशी तो ठक त्या पेठेत उभा राहू शकत नसे. सावकार ओरडून सांगे, कारण त्याला लाज वाटण्याचे कारणच नव्हते. आज फसलेला माणूस गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यावर ठकाचा पुढचा दिवस चालतो.

असो. सरकारी यंत्रणा अगदीच स्वस्थ बसली होती असे नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी धाडण्याची रक्कम २०१९ मध्ये दोन हजारांपुरती आखडली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून हा मार्ग पुरताच बंद करण्यात आला. व्यापाऱ्यांसाठी तो राहिला. फार चांगले झाले. मात्र त्यामुळे निर्धास्त होऊ नये, कारण क्यूआर वाचावयास लावण्याची युक्ती जिवंत आहे, खोट्या स्क्रीनशॉटची आहे, आणि 'चुकून अडीच हजारांऐवजी पंचवीस हजार आले, बाकीचे परत करा' अशा खोट्या संदेशाचीही आहे. 'मदत करतो, एवढे ॲप उतरवून घ्या' म्हणून आपल्या फोनचा पडदाच आपल्या हाती घेणारे आहेत. जाहिरात पाहून जो भेटावयास तयार होत नाही, वस्तू पाहण्याचा आग्रह धरत नाही आणि आगाऊ पैसे देण्याची घाई मात्र करतो, त्याला सरळ सांगावे: 'या, वस्तू पाहा, इथे उभे राहून पैसे द्या आणि घेऊन जा.' बोहारणीचा नियम. खरे गिऱ्हाईक येते. ठकाला एकाएकी दुसरे काम निघते. दूरच्या गावी माल धाडावयाचाच असेल, तर पैसे आपल्या खात्यात दिसल्यावर धाडावा. कुरियरचा आकार, नोंदणी, विमा यांपैकी कशाच्याही नावाने विकणाऱ्याने एक रुपयाही पुढे करू नये. पेशवाईतला बट्टासुद्धा येणाऱ्या रकमेतून वजा होई. तो आधी आणून भरा, असे सराफ कधी म्हणत नसे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. फसवणुकीचे जुने कलम ४२०. ते लोकांच्या तोंडी इतके बसले की १९५५ साली राज कपूरच्या चित्रपटाला तेच नाव मिळाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ते कलम ३१८ झाले. पण ठकाला 'तीनशे अठरा' म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणे यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ ड हे कलम आहे. पैसे परत मिळण्याची गोष्ट मात्र निराळी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, खातेदाराचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि त्याने तीन दिवसांच्या आत कळविले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये असे सांगितले. तीन दिवस म्हणजे बँकेच्या कामाचे. इथे आपण स्वतः पिन घातलेला असतो. बँक म्हणते, तुम्हीच दिलेत. हा न्याय मला पुरता पटत नाही, कारण फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे असे करारांचा आपला कायदा दीडशे वर्षे सांगत आला आहे. पण आज तरी खातेदाराची बाजू इथे लंगडी आहे खरी.

म्हणून वेळेला महत्त्व. फसल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर फोन करावा. (मालविक्रीच्या कायद्याचे साल आणि हा क्रमांक एकच, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवावयास सोयीचा.) तिथून ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला कळविले जाते, आणि रक्कम तोवर पुढे सरकली नसेल तर ती तिथेच अडकवून ठेवता येते. इथे मला पुन्हा शाहजोग हुंडी आठवते. ठक पैसे स्वतःच्या खात्यात घेत नाही. तो गरीब मजुरांची, विद्यार्थ्यांची खाती भाड्याने घेतो. थोड्या पैशांच्या लोभाने माणूस आपले पासबुक आणि कार्ड दुसऱ्याला देतो, आणि त्या खात्यातून रक्कम घटकाभरात तिसरीकडे, चौथीकडे जाते. हुंडीचे पैसे घेणारा शाहा पेठेत बसलेला असे. या भाड्याच्या खात्यावर नाव आहे, छायाचित्र आहे, अंगठा आहे, सगळे आहे, फक्त तिथे बसलेला कोणी नाही. आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे अवश्य सांगावे. माझ्या वर्गातली मुले मला विचारतात, 'सर, खाते नुसते वापरावयास दिले तर काय बिघडले?' पोलीस पहिल्यांदा ज्याच्या दारात येतात तो त्या खात्याचा धनी असतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

फोनवर तक्रार दिली की एक क्रमांक मिळतो. तो कागदावर लिहून ठेवावा. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा फोन, त्याने धाडलेले संदेश आणि क्यूआर यांतले काहीही पुसून टाकू नये. राग येतो आणि माणूस सगळे पुसून टाकतो, असे पुष्कळदा होते. त्याच दिवशी आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. संध्याकाळी घरातली माणसे जेवावयास बसतील तेव्हा त्यांनाही सांगावे. त्या शिक्षिकाबाईंनी नवव्या दिवशी सांगितले. तोवर त्या खात्यात काही उरलेले नव्हते. टेबल अजून त्यांच्याकडेच आहे, मुलाच्या घरी नेले, आणि आता त्यावर नातवंडे अभ्यास करतात.